पुष्य नक्षत्र येईपर्यंत

सांगानेरच्या मैदानात दीडएकशे माणसं होती. निम्मी हात जोडून, निम्मी मोबाइल उंचावून. महाराजांनी भार्गवीच्या हिरड्यांवर कसलंसं लोणी चोळलं, कानात मंत्र पुटपुटले. पाच मिनिटांनी तिने मान हलवली: दुखत नाही. जयजयकार झाला.

भार्गवी ही माझ्या विमा कचेरीतल्या वसंतरावांची लेक. दोनच दिवसांपूर्वी स्कूटीवरून पडून तिचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टर कीर्तींकडे शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं.

"हड्डी जुड़ रही है," महाराज म्हणाले. "पुष्य नक्षत्र तक लोहा मत छुआना, देवी रूठ जाएगी."

देवीचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं; एक्स-रे मात्र त्यांनी उलटा धरला होता. पुष्य अठरा दिवसांवर होतं. तोवर लावायला लोण्याची डबी मिळाली.

वसंतराव तारखेचे पक्के. कुणाचा दावा एक दिवस उशिरा आला, तरी 'मुदत संपली' असा शेरा मारणारे. त्यांनी शुक्रवार सोडून दिला. सहाव्या दिवशी सूज उतरली तेव्हा त्यांनी मला पेढे दिले. मी खाल्ले.

भार्गवीला बोलणं जमत नव्हतं. दात जुळत नाहीत, असं ती फोनवर लिहून दाखवायची. पुष्य येऊ दे, जुळतील, असं वसंतराव म्हणायचे.

पुष्य आलं. डॉक्टर कीर्तींनी तिला दात मिटायला सांगितले. उजवीकडचे टेकले, डावीकडे करंगळी जाईल एवढी फट राहिली.

"पण मॅडम, महाराजांनी दुखणं थांबवलं होतं हो," वसंतराव म्हणाले.

भार्गवीने पर्समधली डबी काढून वडिलांपुढे धरली आणि त्यांच्या जिभेकडे बोट दाखवलं. त्यांनी चाटून पाहिलं. थोड्याच वेळात त्यांचे शब्द घसरू लागले.

"सुई देण्याआधी हिरडीला लावतो, तेच बधिर करणारं मलम आहे हे," डॉक्टर म्हणाल्या. "सूज आपसूक ओसरते, हाड आपसूक जागेवर येत नाही. शुक्रवारचा सोमवार झाला असता तरी चाललं असतं. पण तीन आठवड्यांत ते वाकडंच सांधायला लागलंय. आता पुन्हा मोडून बसवावं लागेल."

भार्गवीने फोनवर मागे जाऊन सांगानेरहून परतताना पाठवलेला मजकूर काढला: 'बाबा, जीभ बधिर झालीय. दातांच्या दवाखान्यात होते तशी. मतलब हे औषध आहे, चमत्कार नाही.'

खाली वसंतरावांचं उत्तर होतं: जोडलेले दोन हात.

तोच मजकूर तिने मलाही पाठवला होता. मी उत्तरादाखल 'लाइक'चा अंगठा पाठवला होता.

दुखणं थांबलं म्हणजे हाड सांधलं असं नव्हे. आकाशातलं नक्षत्र कुणाच्या जबड्यासाठी थांबत नाही, आणि मोडलेला जबडाही नक्षत्रासाठी थांबत नाही. वेळ डॉक्टरांना विचारा. आणि ज्याचा जबडा मोडलाय, त्याने लिहिलेलं आधी वाचा.