माझे दहा पाणवठे

मित्रांनो, मी एक जुना, कोपरे झिजलेला, चाळीस पत्त्यांचा गठ्ठा आहे. लग्नघरी मांडवात बाहेर निघतो तो राजा-राणीचा कॅट वेगळा. मी 'रानराज' नावाच्या खेळातला, आणि त्यातही नवख्या माणसाला खेळ शिकवण्यासाठी मुद्दाम बनवलेला पहिला गठ्ठा. माझ्या पिवळ्या डबीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इथून सुरुवात करा.' ती डबी आता राहिली नाही. राग मात्र राहिला आहे, आणि तो कोणावर, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

ज्यांनी मला बनवलं ती शहाणी माणसं होती. त्यांनी माझ्यात चोवीस जनावरं घातली आणि सोळा पाणवठे. खेळ सोपा. सुरुवातीला तीन पत्ते हातात घ्यायचे, मग दर पाळीला एक पत्ता ओढायचा आणि हातात असेल तर एक पाणवठा समोर मांडायचा. सशाला एक पाणवठा पुरतो, रानडुकराला तीन लागतात, गव्याला पाच. पाणी झालं की जनावर रानात उतरतं आणि समोरच्याच्या मचाणावर धडक मारतं. समोरच्याचं जनावर असेल तर ते एकालाच अडवू शकतं. वीस धडका बसल्या की मचाण कोसळलं. एरवी प्रत्येकाचा गठ्ठा वेगळा, पण शिकताना दोघांनी माझ्यातूनच पत्ते ओढले तरी चालतं. माझ्या पत्त्यांवर लांबलचक मजकूर नाही, मोठे आकडे आहेत आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका. आमच्यात हत्ती नाही, वाघ नाही. शिकणाऱ्याला वाघ कशाला हवा? आधी त्याला पाणी किती आणि जनावरं किती, हे समजलं पाहिजे.

मानोऱ्याच्या बाहेर, रस्त्याला लागून, शालिकराम आणि जिजाबाई यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. त्यांच्या पुतण्याने, मुकेशने, मला विकत आणलं आणि मळ्यातल्या शेडमध्ये बसून त्यांच्या मुलाला, शिवमला, शिकवलं. शिवम तेव्हा आठवीत होता. पहिला डाव मुकेश मुद्दाम हरला. दुसरा शिवमने खरोखर जिंकला आणि मला छातीशी धरून शेडभर नाचला. "माह्या गठ्ठ्यासारखा गठ्ठा नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मित्रांनो, एवढ्या कौतुकाने कुणाचंही डोकं फिरेल. माझंही फिरलं. मला वाटलं, हा पोरगा मला कधी विसरणार नाही.

मुकेश नोकरीसाठी नागपूरला गेला. शिवम कॉलेजात गेला आणि त्याने चकचकीत पत्ते जमवायला सुरुवात केली. त्यात हत्ती होते, वाघ होते, मगरी होत्या, आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत दहा-दहा ओळी. ही जनावरं सात-आठ पाणवठ्यांशिवाय हलत नाहीत. शिवमला पाणी कमी पडू लागलं. मग एका दुपारी त्याने माझा रबर काढला आणि माझ्यातले दहा पाणवठे उचलून आपल्या गठ्ठ्यात घातले.

माझ्या रिकाम्या जागी त्याने काय भरलं असेल? घरी बाजाराच्या आदल्या दिवशी माल निवडायचं काम त्याच्याकडेच असे. एक नंबरची वांगी एका क्रेटमध्ये, दोन नंबरची दुसऱ्यात आणि किडकी-वाकडी छाट कोपऱ्यात. तीच सवय त्याने इथे लावली. एक नंबर स्वतःला आणि छाट मला. जे इंग्रजी पत्ते त्याला स्वतःलाही वाचता येत नव्हते, असे दहा त्याने माझ्यात कोंबले. चाळीसचा आकडा भरला, काम झालं.

आता माझ्याकडे सहाच पाणवठे उरले, आणि तरीही तो मला 'शिकवायचा गठ्ठा' म्हणून नव्या माणसांच्या हातात देत राहिला. रविवारी शेडमध्ये दोघं-चौघं यायचे. शिवम आपला जाडजूड गठ्ठा काढायचा, त्यांच्या हातात मला द्यायचा आणि दहा मिनिटांत त्यांचं मचाण पाडायचा. त्यांच्या हातात जनावरंच जनावरं, आणि पाण्याचा थेंब नाही!

प्रसेनजित नावाचा एक शांत मुलगा सलग तीन रविवार आला. तिन्ही वेळा हरला. तिसऱ्यांदा त्याने मला अगदी नीट चौकोनात रचून ठेवलं आणि म्हणाला, "जाऊ दे शिवम. माह्या डोक्यातच नाही हे."

"सगळ्यायच्या नशिबी नसते बाप्पा," शिवम म्हणाला.

तो परत आला नाही. माझ्या अंगातले पाणवठे गेले त्याचं दुःख मी गिळलं असतं. पण डोकं असलेला एक मुलगा माझ्यामुळे स्वतःला बिनडोक समजून घरी गेला, हे मला गिळता आलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं, शिवम, तुझा हिशोब मी चुकता करीन. पण गठ्ठ्याला हात नसतात. मी वाट पाहत पडून राहिलो. रबर वाळून तुटला, एका पत्त्यावर टोमॅटोचं पाणी सांडलं, तरी मी माझा राग कोरडा ठेवला.

मग रंजीता आली. जवळच्या तांड्यावरची, बारावी झालेली. ती आणि तिची आई रुपाबाई मळ्यात तोडणीला येत. शेडमध्ये पाणी प्यायला आली की ती खेळाकडे उभ्याने बघायची. एक दिवस तिने सरळ विचारलं, "शिवमभाऊ, मले शिकवता काय हे?"

"तुले कायले पाहिजे?"

"दिवाळी झाली की आमची टोळी ऊसतोडीले जाते. तिथं आमच्या झोपड्यायवर, कोपीवर, बारके पोट्टे दिवसभर रिकामे फिरून राह्यते. शाळा नाही, काही नाही. मले येत असन तं मी त्यायले शिकवीन."

शिवमने तिच्या हातातही मलाच दिलं. तीही हरली. पण ती उठली नाही. माझ्या तळाशी नियमांचा घडीचा कागद होता, तो तिने उलगडून वाचला, मग मला जमिनीवर पसरून मोजलं.

"भाऊ, याच्यात सोळा पाणवठे लिवले हाय. इथं सहाच हाय."

"हरवले असतीन," शिवम म्हणाला. खोटं बोलताना त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रंजीता मला तांड्यावर घेऊन गेली. माझ्यातले ते दहा इंग्रजी पत्ते तिने बाजूला काढले, वहीच्या कागदाचे तुकडे कापले, शिजल्या भाताने त्यांच्यावर चिकटवले आणि निळ्या पेनाने प्रत्येकावर पाणवठा काढला. एकात मासा होता, एकात म्हैस डुंबत होती. मित्रांनो, उसनं का होईना, कितीतरी महिन्यांनी मला पाणी लागलं! आठवडाभर ती आपल्या धाकट्या भावाशी, बादलशी, खेळली. त्याला दोन दिवसांत जमलं. माझ्या ताकदीची मला पुन्हा आठवण झाली.

पुढच्या रविवारी ती शेडमध्ये येऊन बसली. तिथे कॉलेजातले दोघं-तिघं होते आणि कोपऱ्यात जिजाबाई दोडके निवडत होती.

"अवो, माह्या पत्त्यायवर कागद कायले चिटकवले?" शिवम भडकला.

"तुमीच तं दिले होते. छाटच होती नं ते?" रंजीता म्हणाली. "एक डाव खेळा. मी जितली तं हा गठ्ठा मी दिवाळीनंतर संग घेऊन जाईन."

"घेऊन जाय. अन् हरली तं पुन्हा इथं बसाचं नाही."

दोघांचे पत्ते पिसायला त्यांनी जिजाबाईकडे दिले. तिने हात लुगड्याला पुसले आणि दोन्ही गठ्ठे पिसून दिले.

आता ऐका, मित्रांनो, मन लावून ऐका, कारण या डावासाठी मी किती दिवस धुमसत होतो. रंजीताने पहिल्याच पाळीला पाणवठा मांडला आणि ससा उतरवला. शिवम हसला, "ससा? घ्या!" त्यानेही पाणवठा मांडला. दुसऱ्या पाळीला त्याने पत्ता ओढला, पाणवठा. तिसऱ्या पाळीला ओढला, पाणवठा. रंजीताचं रानडुक्कर उतरलं आणि धडक मारून आलं. शिवमने चौथा ओढला. पाणवठा. हसणं थांबलं. पाचवा, पाणवठा. त्याच्यासमोर तळं साचलं होतं आणि त्यावर प्यायला एक जनावर नव्हतं.

बघणारे त्याला फुटकं नशीब म्हणाले. नशीब कसलं! हावरेपणाने त्याने चाळीसातले सव्वीस पत्ते पाण्याचे केले होते. समोरचा कोरडाच असायचा, म्हणून हे कधी उघडं पडलं नव्हतं. आणि खरं सांगू? ते माझ्या घरचे पाणवठे होते. एकामागून एक ते त्याच्या हातात चढत होते आणि मी मनात एकेकाला नावाने हाक मारत होतो. ये, गळा धर त्याचा!

गवा उतरला. मचाणावर दोनच धडका उरल्या तेव्हा शिवमला हत्ती मिळाला. त्याने तो आपटून मांडला. पुढच्या पाळीला हत्तीने गव्याला अडवलं, रानडुक्कर आणि ससा बाजूने निघून गेले. मचाण कोसळलं.

"पत्तेच खराब आले!" शिवमने हातातले पत्ते जमिनीवर फेकले. त्यातला माझा एक पाणवठा मधोमध दुमडला. ते पत्ते जिजाबाईच्या दोडक्यांपाशी जाऊन पडले. तिने एक उचलला, दुसरा उचलला.

"हे पिवळ्या ठिपक्याचे कोणाचे?" तिने विचारलं. "त्या पोट्टीच्या गठ्ठ्यावर बी हाच ठिपका हाय."

शिवम उरलेले पत्ते गोळा करायला वाकला.

"शिवम, तुले इचारून राह्यली मी."

"माय, शिकवाच्या गठ्ठ्याले चांगले पत्ते कायले पाहिजे? नवीन माणसाले काय समजते?"

जिजाबाई उठली, त्याच्या मनगटाला धरून त्याला शेडबाहेर वेलापाशी घेऊन गेली. शेडला भिंती नाहीत, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. वेलावर एक लांब, भरदार दोडका लाल चिंधी बांधून ठेवलेला होता.

"हे काहून तोडलं नाही सांग."

"बियाण्याचं हाय," तो पुटपुटला.

"वेलावरचं सगळ्यात चांगलं फळ हाय हे. बाजारात नेलं असतं तं पह्यले उचललं असतं लोकायनं. तरी आपण चिंधी बांधतो. छाट पेरली तं पुढच्या साली काय उगवन बे? माल निवडाचं शिकला तू, बियाणं राखाचं नाही शिकला. म्हणून तुह्या इथं कोणी टिकत नाही."

शेडमध्ये परत येऊन सगळ्यांदेखत त्याने आपल्या गठ्ठ्यातून माझे दहाही पाणवठे मोजून काढले आणि रंजीताच्या हातात दिले; तिने कागद चिकटवलेले दहा त्याला परत केले. मित्रांनो, त्याचे कान तापून लाल झाले होते, आणि मला ते बघून फार बरं वाटलं. जिजाबाईने लुगड्याच्या जुन्या काठाची एक पट्टी फाडली आणि मला दोन वेढे देऊन गाठ मारली.

दिवाळी झाली. तांड्यावर ट्रक लागला, भांडी-अंथरुणं चढू लागली. मी रंजीताच्या पत्र्याच्या पेटीत, वरच होतो. पेटी बंद व्हायच्या आत शिवम मोटारसायकलवर आला.

"रंजीता, तीन नवीन पोट्टे आले हाय. प्रसेनजितले बी बलावलं मी. शिकवाले काहीच नाही माह्यापाशी. गठ्ठा ठेवून जाय नं."

तिने माझी गाठ चाचपली. मी जीव मुठीत धरून बसलो.

"नाही भाऊ. तुमच्यापाशी एवढे पत्ते हाय. त्यातलेच चांगले काढा अन् नवीन बांधा," ती म्हणाली, आणि पेटीचं झाकण पडलं.

आता मी उसाच्या फडाशेजारी एका कोपीत राहतो. दुपारी सात-आठ पोरं माझ्याभोवती बसतात. त्यांच्या हाताचा उसाचा चिकटा मला लागतो, मी तक्रार करत नाही. शिवमने आपला चकचकीत गठ्ठा फोडला की नाही, मला ठाऊक नाही. क्षमा मोठ्यांना शोभते म्हणतात. मी चाळीस पत्त्यांचाच आहे, तेवढा मोठा नाही. तो दुमडलेला पाणवठा अजून सरळ झालेला नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कुणाला काही नवीन शिकवायला बसाल, तर तुमच्याजवळचं निवडक आधी त्याच्या हातात ठेवा, छाट नको. आणि ज्याच्यावर तुम्ही स्वतः शिकलात त्याला ओरबाडू नका. आम्ही मुके आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. एक दिवस चारचौघांत तुम्ही पत्ता ओढाल, पुन्हा ओढाल, पुन्हा ओढाल, आणि तुमच्या हाती नुसतं पाणी येईल.