फक्त एक ओळ

शनिवारी सकाळी मीनल म्युनिकजवळच्या गार्चिंगमधल्या आपल्या घरात थालीपिठं लावत होती. बेल वाजली. दारात रुपेश उभा होता, हातात पुस्तकांचं खोकं घेऊन.

"ताई, ईप्सिताची खोली महिनाअखेर सोडावी लागतेय. तिचं सामान तुमच्या तळघरात ठेवू का?"

ईप्सिता आणि रुपेश इथे एकाच प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते आणि लग्न करणार होते. दर रविवारी दोघं मीनलकडे जेवायला यायचे. नाताळात आजी आजारी असल्याचं सांगून वडिलांनी ईप्सिताला साताऱ्याला बोलावलं, पासपोर्ट काढून घेतला आणि दुसरीकडे लग्न ठरवलं.

"त्यांना आमचं कुणी सांगितलं, तेच कळत नाही," रुपेश म्हणाला.

मीनलने शेगडी बंद केली. ईप्सिताचे वडील शरदचंद्र हे मीनलच्या वडिलांच्याच शाळेतले शिक्षक. नोव्हेंबरात त्यांचं पत्र आलं होतं : 'परक्या देशात तूच तिची मोठी बहीण. ती कोणाबरोबर असते ते खरं लिही. फोनवर नको.' मीनलने सुवाच्य अक्षरात दोन पानं लिहिली. इथली थंडी, ईप्सिताची तब्येत, मग रुपेश. मुलगा हुशार, निर्व्यसनी. आणि शेवटी एक ओळ. ती लिहिताना तिचा हात जराही अडखळला नव्हता. उलट, कर्तव्य केल्यासारखं वाटलं होतं.

"मी सांगितलं," ती म्हणाली.

"काय सांगितलंत?"

"सगळं चांगलंच लिहिलं. फक्त... आपल्यातला नाही, असं."

रुपेशने खोकं खाली ठेवलं. "दोन वर्षं तुमच्या टेबलावर जेवलो, ताई. तेव्हा मी कुणातला होतो?"

खोकं उचलून तो निघून गेला.

मीनलने तिथल्या तिथे साताऱ्याला फोन लावला.

"तुझे उपकार आहेत, पोरी," शरदचंद्र म्हणाले. "वेळेवर कळवलंस. पत्रिका छापायला दिल्या."

ते शब्द तिला शिवीहून जास्त लागले.

"काका, ते पत्र लिहून मी पाप केलं. ईप्सिताचा पासपोर्ट तिला द्या. नाहीतर मंगळवारी मी येतेय. तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाईन आणि मी काय लिहिलं होतं तेही सांगेन."

"तुझ्या वडिलांना काय वाटेल?"

"त्यांनाही सांगणार आहे."

पलीकडे फोन स्पीकरवर असावा. ईप्सिताचा आवाज आला, "ताई, ते पत्र तुमचं होतं?"

"हो."

फोन बंद झाला.

मंगळवारी मीनल खरोखरच साताऱ्यात पोचली. तिच्या वडिलांनी तिला घरात घेतलं नाही. ईप्सिताबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन तिने ती ओळ जशीच्या तशी सांगितली; तिथल्या हवालदारालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पण ईप्सिता सज्ञान होती आणि मागे हटत नव्हती. चौथ्या दिवशी शरदचंद्रांनी पासपोर्ट ठाण्यातल्या टेबलावर टाकला आणि मुलीकडे न बघता ते बाहेर पडले.

म्युनिकच्या विमानतळावर रुपेश घ्यायला आला होता. त्याच्याकडे जाण्याआधी ईप्सिता मीनलजवळ थांबली.

"तुम्ही आलात, ते मी विसरणार नाही, ताई," ती म्हणाली. "पण पत्रही विसरणार नाही."

मीनलने मान हलवली. माफ कर, असं म्हणायचा हक्क आपल्याला अजून नाही, एवढं तिला कळत होतं.