पाठीवरचा अकराशेचा आकडा

मित्रांनो, कुंडलच्या एका गोठ्यात खुंटीला लटकलेली जुनी लाल वायर म्हणजे मीच. मला आता कुणी हात लावत नाही, आणि लावूही नये.

कारखान्यात तांब्याच्या बारीक तारांवर कातडी चढवून माझ्या पाठीवर ‘११०० व्होल्ट’ असं छापलं. त्याचा अर्थ एवढाच, की विजेचा तितका दाब माझी कातडी सोसते, वीज बाहेर फुटू देत नाही. ओझं किती वाहायचं ते मात्र आतल्या तांब्याच्या जाडीवर ठरतं, आणि मी पडले हडकुळी. दिवा, पंखा, फार तर टीव्ही.

फौजेतून निवृत्त झालेल्या जोतीरामनं मला विकत आणलं. आल्यागेल्याला तो माझा आकडा कौतुकानं वाचून दाखवायचा आणि मीही फुगून जायचे. स्वयंपाकघरातला दिवा मी बरीच वर्षं सुखानं सांभाळला.

पुढं घरात नवी वायर आली आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. लोखंडी खांबाला गुंडाळून मला कडबाकुट्टीच्या, म्हणजे वैरण कापायच्या यंत्राच्या, मोटारीला जोडलं. त्याच खांबाला साखळीनं हरणी म्हैस बांधलेली असायची. जोतीरामची बायको तानुबाई, तिनं हरणीला पारडी असल्यापासून वाढवलेलं. मोटार सुरू झाली की माझं अंग भाजून निघायचं. फ्यूज सारखा उडायला लागला, तेव्हा जोतीरामनं त्यात जाड तार घातली; मग मी कितीही तापले तरी तो उडेना.

“आवं, वायर लय तापतीया. चटका बसला मला,” तानुबाई म्हणाली.

“अगं, अकराशेची हाय ती. आपल्याकडं येतंय दोनशे तीस. काय हुतंय तिला?” जोतीराम म्हणाला.

माझी कातडी आधी कडक झाली, मग खांबापाशी तडकली.

त्या सकाळी हरणी नुकतीच धुतलेली, ओली होती. जोतीरामनं मोटार सुरू केली, माझं उघडं तांबं खांबाला टेकलं आणि हरणी जागच्या जागी कोसळली. तानुबाई हात पुढं करून तिच्याकडं धावली. जोतीरामनं मेन स्विच बंद केला म्हणून ती वाचली. हरणी मात्र गेली.

“मी सांगत हुते,” एवढंच तानुबाई म्हणाली. तेव्हापासून गोठा रिकामाच आहे. तरी दिवस कलला की ती सवयीनं दुधाची बादली घेऊन येते, दारातच थांबते आणि माघारी वळते. मला ते बघवत नाही.

मित्रांनो, वायरीवरचा आकडा वाचा, पण तो कशाचा आहे तेही विचारून घ्या. आणि घरात कुणी वायर तापतेय म्हणालं, तर आधी स्विच बंद करा. मला बोलता येत नाही, तापणं एवढीच माझी बोली. ती तानुबाईला कळली होती.