मीटरला दहा मिलिमीटर

ही २००१ सालची गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या ह्यांनी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही केली आणि पुढचे चार महिने बिबवेवाडीतल्या आमच्या घरातून ते फारसे बाहेर पडले नाहीत. पेपर वाचायचे, घडी घालायचे, पुन्हा उघडायचे.

हे पॅटर्न मेकर. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो. त्या लाकडी नमुन्यावरून वाळूत साचा पाडतात आणि मग त्यात लोखंडाचा रस ओततात. ह्यांनी आणि यवतमाळकडच्या हिंमतरावांनी हे काम सव्वीस वर्षं एका बाकावर केलं. डबासुद्धा एकत्र खायचे. मग कंपनीत संगणकावर चालणारी यंत्रं आली, नमुने बाहेरून बनून यायला लागले आणि त्या विभागात एकच माणूस ठेवायचा असं ठरलं. सर्वांत जुने हे, त्यांच्या मागोमाग हिंमतराव. दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता की सही कुणीच करायची नाही.

ह्यांनी केली. आमची ऋचा नोकरीला लागली होती, हिंमतरावांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. "मी उठल्याशिवाय त्याला जागा नाही," एवढंच मला म्हणाले. वर बजावलं, "हे त्याच्या कानावर जाता कामा नये. तो राजीनामा देईल." हिंमतरावांनी एवढंच पाहिलं की बाळनं, म्हणजे ह्यांनी, शब्द मोडला. त्यांनी बोलणं टाकलं.

जूनमध्ये ऋचाच्या ऑफिसातला सुदर्शन घरी आला. कंपनीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेत राहून आला होता. तिथल्या एका तळ्यावर त्यानं लढाऊ जहाजांचा खेळ पाहिला होता, तो त्याच्या डोक्यातून जाईना. येताना नकाशांची भेंडोळी घेऊन आला होता.

"काका, जुन्या युद्धनौकांची मॉडेल्स करायची. रिमोटवर चालतात. आत गॅसची छोटी तोफ, ती छर्रे मारते. भोकं पडून ज्याचं जहाज बुडेल तो हरला."

"करायला किती दिवस लागतात?"

"तीन-चार महिने."

"आणि बुडायला?"

"दहा मिनिटं."

"वा. म्हणजे आमच्या नोकरीसारखंच."

हसले मात्र नाहीत. पण नकाशा ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत रंधा चालल्याचा आवाज आला. मी कणीक मळत होते, तशीच उभी राहिले.

जहाजाच्या फासळ्या प्लायवूडच्या. त्यांवर बाल्साची साल चढवायची. बाल्सा म्हणजे नख रुतेल इतकं हलकं लाकूड. नियमच तसा होता, छर्रा आरपार गेलाच पाहिजे. आत आलेलं पाणी उपसायला एक चिमुकला पंप. तोफेला सोडा करायच्या नळकांड्यांतला गॅस आणि छर्रे सायकलच्या दुकानातले. ह्यांना सगळं जमलं, फक्त ती साल जमेना. दोनदा त्यांनी तिला आतून पट्ट्या लावल्या, दोनदा सुदर्शननं त्या काढायला लावल्या.

"तुटायसाठी करायचं काम हाताला येत नाही रे," हे म्हणाले.

जहाज होत आलं. पण लढायला दुसरं हवं. सुदर्शनला पटाशी धरता येत नव्हती. एक दिवस जेवताना हे भिंतीकडे बघून म्हणाले, "हिंमतनं केलं असतं."

सहा महिन्यांत पहिल्यांदा ते नाव घरात निघालं. मी दुसऱ्याच दिवशी कात्रजला त्यांच्या घरी गेले.

हिंमतराव कामावर होते. त्यांच्या बायकोनं, कौशल्यानं, चहा टाकला. म्हणाली, "ते येणार नाहीत, ताई. जुने नमुने भंगारात काढायचं काम दिलंय त्यांना. दोघांनी केलेले नमुने मोजून बेकरीच्या भट्टीला पाठवतात. घरी आले की हात धूत बसतात. भाऊजींचं नाव काढलं तर ताटावरून उठतात."

तेव्हा मी सांगितलं. सही कुणासाठी केली, ते सगळं. मला वाटलं, एवढं कळलं की गाठ सुटेल.

कौशल्यानं हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्यांना सांगू?"

"सांगा," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी हिंमतरावांचा फोन आला. "वहिनी, लढाले येतो. बोलाले येत नाही." नकाशा सुदर्शनच्या हाती मागवून घेतला. ह्यांना मी एवढंच सांगितलं की ते यायला तयार आहेत. त्या दिवशी ह्यांनी दाढी केली.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही वाघोलीला सुदर्शनच्या मामांच्या शेतावर गेलो. तिथलं तळं कमरेइतकंच खोल, म्हणजे बुडालेलं जहाज हातानं काढता यावं. हिंमतराव कौशल्याला घेऊन आले. ह्यांच्याकडे पाहिलं नाही. आपलं जहाज धोतराच्या तुकड्यात गुंडाळून आणलं होतं, ते सतरंजीवर ठेवलं.

सुदर्शननं टेप काढून दोन्ही मोजली आणि डोकं खाजवलं. "काका, तुमचं नकाशापेक्षा बारा मिलिमीटर लांब भरतंय." मग दुसरं मोजलं. "हेही बारा."

हे हिंमतरावांकडे बघायला लागले आणि हिंमतराव ह्यांच्याकडे. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मेकरची पट्टी मुळातच मोठी असते, मीटरला दहा मिलिमीटर. दोघांनी दोन घरांत बसून त्याच पट्टीनं जहाज मापलं होतं. त्यात रस कधीच ओतायचा नव्हता, तरी आकसण्याची सोय मात्र दोघांनी करून ठेवली होती.

"साल्या," हिंमतराव म्हणाले, "तुले पट्टी बदलाची अक्कल नाही?"

"तुला होती का?"

आणि दोघं हसले. हिंमतराव तर हसता हसता खालीच बसले. मी कौशल्याचा हात घट्ट धरला होता. माझ्या मनानं तेव्हाच घेतलं की सगळं पूर्ववत झालं.

मग छर्ऱ्यांपासून डोळे जपायचे चष्मे लावून दोघं काठावर उभे राहिले. हिंमतराव म्हणाले, "बाळ, खरं मारजो. हातचं राखून नको."

हे फक्त मान हलवून हो म्हणाले.

हिंमतरावांनी पहिल्या फेरीतच ह्यांच्या जहाजाला तीन भोकं पाडली. पंप पाणी फेकायला लागला. हे जहाज सुंदर फिरवत होते, दोनदा हिंमतरावांचं जहाज अगदी समोर आडवं आलं. ह्यांचा अंगठा बटणावर गेला नाही. जहाज एका अंगावर कललं आणि खाली बसलं.

"तोफ अडकली," हे म्हणाले.

हिंमतराव पँट न दुमडताच पाण्यात उतरले, ह्यांचं जहाज उचलून काठावर आणलं, पाणी ओतून टाकलं. मग ह्यांच्या हातातला रिमोट घेऊन तोफेचं तोंड मातीकडे करून बटण दाबलं. तोफ उडाली. पुन्हा दाबलं, पुन्हा उडाली.

"ह्या बारीनंही मेहरबानीच?"

हे आपल्या जहाजाची भोकं बोटानं चाचपत राहिले.

"मी तुले मागतली होती का नोकरी? दोघंही गेलो असतो तर संग गेलो असतो. तू मले मोठेपणानं मागे ठेवलं अन् मी आपल्याच हातानं आपले नमुने जाळले. आज म्हटलं, एकदा तरी तू बरोबरीनं लढशीन." आवाज चढला नव्हता. "सव्वीस वर्षं बाजूले बसलो, बाळ. तू मले कधी बरोबरीचा धरलंच नाही."

जहाज धोतरात गुंडाळून ते रस्त्याकडे चालायला लागले. कौशल्या मागोमाग गेली.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नोकरीचं हिंमतरावांपर्यंत पोचवणारं माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतंच. एकदाच पाहिलं, मग खाली बसून सांडलेले छर्रे मातीतून वेचायला लागले.

हिंमतरावांचा विभाग दोन वर्षांनी तसाही बंद झाला. ते यवतमाळला परत गेले आणि २००९ साली वारले. आम्हाला तेरावा होऊन गेल्यावर कार्ड आलं. मुलींची लग्नं नीट झाली. कौशल्या थोरलीकडे अमरावतीला असते. सुदर्शन अमेरिकेतच राहिला, तिथे त्या खेळाच्या मंडळात आहे म्हणतात. ऋचा नवऱ्याबरोबर बाणेरला राहते, रविवारी येते. ह्यांनी जहाज पुन्हा केलं नाही. ऑर्डरी घेऊन देव्हारे करायचे, मागणी बरी होती. यवतमाळला दोन पत्रं टाकली होती, उत्तर आलं नाही. २०१६ च्या श्रावणात गेले.

मी आता एकोणऐंशी वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत कौशल्याचा फोन आला होता. तिनं विचारलं, "ताई, तुम्ही मला ते सांगितल्याबद्दल भाऊजी तुम्हाला कधी बोलले का?"

पंधरा वर्षांत एकदाही नाही, मी म्हटलं. बोलले असते तर बरं झालं असतं.