तीन डावे पाय

एका जागी बूड टेकून बसणं मला जमत नाही. आमची ही म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. असेना! मी प्लंबर. घरात पाणी शिरलं की लोक मला बोलावतात, बसायला कोणी बोलावत नाही.

पण लेकीला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. प्रवेशअर्जासोबत खुर्चीत बसलेल्या माणसाचं पेन्सिलचित्र द्यायचं होतं आणि घरात फुकटचा माणूस मीच. दोन रविवार तिने मला खुर्चीत बसवलं. पहिल्या रविवारी नळाची टपटप ऐकून मी उठलो. दुसऱ्या रविवारी नुसताच उठलो. तिने कागद टराटरा फाडला. "मला नाही जायचं कुठल्या कॉलेजात. माझ्याच्याने नाही होत," म्हणाली आणि दार लावून घेतलं. चूक माझी, आणि दोष ती स्वतःला देत होती. मला फार वाईट वाटलं.

मुदतीला दोन दिवस उरले होते, तेव्हा नेमकं त्याच कॉलेजातून बोलावणं आलं. वाचनालयातलं बेसिन तुंबलं होतं. काम उरकून हात पुसत होतो, तर भिंतीवर एक जुनं पेन्सिलचित्र दिसलं. खुर्चीत बसलेला एक माणूस, अंगात कोट, मांडीवर टोपी. खाली नाव नाही, ना त्याचं, ना काढणाऱ्याचं.

मला आधी त्याचा पाय दिसला. निरखून पाहिलं तर डावे पायच तीन! एक ठळक, दोन खोडलेले, पुसट. मी मोठ्याने हसलो. गडी हलला होता, तेही दोनदा! मग गुडघा, टोपी, बोटं असं बघत बघत चेहऱ्यापर्यंत पोचलो. चेहरा पार कंटाळलेला. पण डोळे काढणाऱ्यावर खिळलेले, आणि त्यांत कौतुक मावत नव्हतं. मी किती वेळ तिथे उभा होतो, देव जाणे.

"हे त्याच्या मुलीनं काढलंय," मी ग्रंथपाल बाईंना सांगितलं.

"छे हो! कोणी काढलंय ते कुणालाच माहीत नाही. मोठमोठ्या जाणकारांनी हात टेकले."

"त्यांना मुली नसतील," मी म्हणालो.

बाई हसल्या, पण फोटो काढू दिला. घरी येऊन मी मोबाइल लेकीच्या नाकासमोर धरला. "पाय मोज."

तिने मोजले. पुन्हा मोजले. "इतक्या भारी माणसालाही खोडावं लागलं?"

"खोडलं, पण फाडलं नाही. उद्या सकाळी मी बसतो."

आणि बसलो. आठव्या मिनिटाला मान खाजवली, मग पायावरचा पाय बदलला. "बाबा!" ती ओरडायची, खोडायची, पुन्हा काढायची. दोन तासांनी तिने पेन्सिल ठेवली आणि कागद माझ्याकडे वळवला. खुर्ची जरा तिरकी झाली होती, कान नको तेवढे मोठे. पण माणूस मीच होतो, शंकाच नको.

तीही वाकून बघत राहिली. "बाबा, डोळे जसे दिसले तसेच काढलेत मी. तुम्ही माझ्याकडे असं कधीपासून बघायला लागलात?"

"रोजच बघतो," मी म्हणालो. "तेव्हा तुझं लक्ष वहीत असतं."