कॅल्शियमची बाटली

माझी वहिनी कोणाकडे जेवायला गेली की हात धुवायच्या निमित्ताने त्यांच्या बाथरूममधलं कपाट उघडून बघते. सगळं जग हेच करतं अशी तिची खात्री आहे. त्यामुळे दादाचे वरचे साहेब बायकोसकट जेवायला येणार असं ठरलं, तेव्हा तिने सगळ्यात आधी माझ्या गोळ्या लपवायला घेतल्या. मी फिरायला गेलो होतो. तेवढ्यात वहिनीसाहेबांनी सगळ्या स्ट्रिप्समधून एकेक गोळी सोलून काढली, कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरली, आणि स्ट्रिप्सबरोबर डॉक्टरांची चिठ्ठीही बारीक फाडून कचऱ्यात टाकली. बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, "आता कोणी बघितलं तरी कॅल्शियमच वाटेल." तिची ही एवढी एक गोष्ट खरी ठरली.

मी दादाकडे परदेशात दोन महिन्यांसाठी आलो होतो. मायदेशी मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. अकरा वर्षं रोज रात्री एक गोळी घेतो. नाही घेतली तर जी माणसं नाहीत ती बोललेली मला ऐकू येतात. घेतली तर फक्त असलेली ऐकू येतात, आणि दादाच्या घरात त्याचा फार फायदा होतो असं नाही. घरात त्या गोळीचं नाव कोणी घेत नाही. आई तिला शक्तीची गोळी म्हणते. दादा काहीच म्हणत नाही, नुसता "घेतलीस ना?" असं विचारतो आणि उत्तर यायच्या आत दुसरीकडे बघतो.

त्याच आठवड्यात वहिनीची आई राहायला आली. मी तिला मावशी म्हणतो. बोलायला फटकळ, कानाने अधू, सारखी सोफ्याच्या कडेला बसून कोणाची तरी चूक काढणारी बाई. तिचं आणि माझं जमत नव्हतं, आणि जमावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री गोळी घेताना बाटलीत चार कमी दिसल्या. मोजण्याची मला कामामुळे सवय आहे. दादाला सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "घेऊन विसरला असशील रे." वहिनीने त्याच्याकडे अर्थपूर्ण नजर टाकली. चार गोळ्या जास्त घेतल्या असत्या तर मी त्याच्यासमोर धड उभा राहिलो असतो का, हे माझ्या इंजिनियर भावाच्या डोक्यात आलं नाही. वेडा घरात असला की बाकीच्यांना विचार करायची गरज उरत नाही, सगळं त्याच्या खात्यावर ढकलता येतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी बेसिनपाशी कोसळली. दोन दिवस ती पेंगतच होती. वयाप्रमाणे होतं, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणती औषधं घेतात? रक्तदाबाची एक आणि कॅल्शियम, वहिनी म्हणाली. आणि निघताना फळीवरून घाईत उचललेली ती बाटली पर्समधून काढून लेबल दाखवलं. आईचं कॅल्शियम संपलं होतं, घरातलंच घेत होती सकाळ-संध्याकाळ, असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा चेहरा पांढरा पडला. कळलं तिला. दादालाही कळलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही गप्प बसले. आत मावशीचा रक्तदाब उतरत चालला होता, आणि यांना पडली होती अब्रूची. मला त्या क्षणी दोघांची किळस आली.

हे कॅल्शियम नाही, मी म्हणालो.

दादा लगेच डॉक्टरीणबाईंना म्हणाला की माझ्या भावाची तब्येत बरी नसते, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. बाईंनी एक गोळी तळहातावर घेऊन उलटसुलट केली. त्यांच्याकडच्या गोळ्यांवर अक्षरं कोरलेली असतात, ती कॉम्प्युटरमध्ये टाकली की नाव निघतं. आमच्या गोळीवर काही नव्हतं. पांढरी, गोल, मुकी. बाई म्हणाल्या, मेंदूचा फोटो काढायला नेतो, तपासण्यांत कदाचित कळेल.

"ओलान्झापीन," मी म्हणालो. "दहा मिलिग्रॅम. सहा गेल्या असतील. शेवटची आत्ता संध्याकाळी."

"तुम्हाला कसं माहीत?"

दादा बुटांकडे बघत होता.

"मी रोज घेतो. अकरा वर्षं."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. दहाच्या आकड्याखाली रेघ ओढली, मला स्पेलिंग विचारलं, आणि आत गेल्या. त्या परदेशी बाईने मला एका मिनिटात जितकं खरं मानलं, तितकं माझ्या भावाने अकरा वर्षांत मानलं नव्हतं.

मावशीला दोन दिवस देखरेखीखाली ठेवलं, सलाईन लावलं, आणि ती घरी आली. डॉक्टरीणबाईंनी मला नवी चिठ्ठी लिहून दिली.

साहेबांचं जेवण आठवडाभर पुढे गेलं होतं. ते झालंच. जेवताना साहेबांच्या बायकोने मराठीतच मावशीची चौकशी केली. वहिनीने तोंड भरून सांगितलं की आईला कॅल्शियमची रिअॅक्शन आली होती. दादाने मान डोलावली. मी भात कालवत राहिलो. कोण बोलणार या लोकांशी?

"कॅल्शियम कुठलं," मावशी म्हणाली. बहिऱ्या माणसांसारखी मोठ्याने. "ह्याची गोळी होती. डोक्याची. ह्याने नाव सांगितलं म्हणून बसलेय इथे." तिने चमचा माझ्याकडे रोखला. "सहा गोळ्यांत मला पायावर उभं राहता येईना. हा अकरा वर्षं ती घेऊन सकाळी उठतो, दाढी करतो, कामावर जातो. तुमच्यातल्या कोणाला जमेल?"

साहेबांनी चमचा खाली ठेवला.

तिरस्कार मला चांगला जमतो, त्यावर मी बरीच वर्षं काढली आहेत. या बोलण्याचं काय करायचं ते मात्र मला येत नव्हतं. पाणी आणतो म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो, नळ सोडला, आणि भरलेला जग हातात धरून बराच वेळ तिथेच उभा राहिलो.