पाळण्याचा आडवा दांडा

किडकं लाकूड दुकानाच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, हा दादाचा नियम. दादा कातारी होता. लेथवर लाकूड फिरवून खुर्च्यांचे पाय, जिन्याचे गज, पाळण्याचे दांडे घडवणं हा त्याचा धंदा. गिऱ्हाईक कितीही गयावया करो, लाकडाला टाचणीएवढं भोक दिसलं की दादा त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायचा. आणि साल! नवा ओंडका आला की आधी साल सोलायची, चहा नंतर. सालीच्या आडोशानंच तर ती मेली कीड आत शिरते.

असा हा माणूस, आणि त्याच्याच दुकानात सालीसकट एक ओंडका महिनोन् महिने भिंतीला टेकून राहिला.

ओंडका बारक्याचा होता. बारक्या म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. बायकोला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तो ओंडका खांद्यावर टाकून त्यानं आणला, सालीवर खडूनं मोठी फुली मारली आणि बजावलं की हा माझ्या पोराच्या पाळण्याचा, कुणी हात लावायचा नाही. पुढच्याच आठवड्यात छातीत कळ येऊन तो गेला. साल काढायची म्हणजे ती फुली काढायची. दादाचा हात धजेना.

बारक्या नुसता भाऊ नव्हता, तो दादाचा कान होता. जन्मभर लेथजवळ उभं राहून दादाचा उजवा कान कामातून गेला होता आणि डाव्यात सारखी कुणकुण. लाकूड आतून पोकळ असलं की फिरताना त्याचा आवाज बदलतो, तो दादाला कळायचा नाही. मग पलीकडे पॉलिश करत बसलेला बारक्या पटाशीच्या मुठीनं बाकावर दोनदा वाजवायचा. टक टक. म्हणजे थांब, हात काढ. सगळं ठीक असलं तर एकदाच, म्हणजे चालू दे. ही त्या दोघांची खूण, तिसऱ्या कुणाला ती माहीत नव्हती.

भावजयीचे दिवस भरत आले. घर दुकानाच्या मागेच होतं. एके सकाळी ती दारात येऊन उभी राहिली आणि पाळण्याचं कधी मनावर घेताय म्हणाली. दादानं मन घट्ट करून साल सोलली. खाली भोकंच भोकं. ओंडका जरा आपटला तर पिवळं पीठ भुरभुरलं. दुसऱ्या कुणाचा असता तर त्यानं तो तिथल्या तिथे पेटवला असता. पण ती पोटावर हात ठेवून बघत होती.

"चांगलं आहे ना लाकूड?"

"झकास आहे," दादा म्हणाला.

बोलून बसला आणि अडकला. मग त्यानं जमेल ते सगळं केलं. ओंडका चिरला, अगदीच भुसभुशीत भाग जाळला, उरलेल्याला किडीचं औषध पाजलं, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात तापवलं. किडे मेले यात शंका नव्हती. पण मेलेला किडा खाल्लेलं लाकूड थोडंच परत देतो? दादानं भोकांत सरस आणि बारीक भुसा दाबून भरला, वरून घासून गुळगुळीत केलं. ज्या कामाला तो उभ्या आयुष्यात लबाडी म्हणत आला, ते त्यानं इतक्या सफाईनं केलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

राहिला वरचा आडवा दांडा. पाळणा त्यालाच टांगायचा, पोराचा सगळा भार त्याच्यावर. दादानं तो लेथवर चढवला, पटाशी टेकवली आणि भर दुपारी वीज गेली. लेथ घरघरत थांबलं. त्या शांततेत बाकाकडून आवाज आला. टक टक.

बाकावर कुणी नव्हतं. बारक्याची पटाशी खुंटीला टांगलेली होती आणि तिच्यावर धूळ साचली होती. कान काहीबाही ऐकतात, असं म्हणून दादानं वीज आल्यावर दांडा पुरा केला. दुसऱ्या दिवशी पॉलिश करताना पुन्हा तेच, या वेळी दांड्याच्या आतून. एखादा किडा वाचला असेल म्हणून त्यानं दांड्याला आणखी औषध पाजलं. पाळणा जोडून झाला तरी आवाज थांबेना, रोज दुपारी यायचा. शेवटी वैतागून दादा रिकाम्या बाकाला म्हणाला, "गप बस की रे." आणि आपण कुणाशी बोललो हे लक्षात येऊन त्याच्या अंगावर काटा आला.

दुपटं काखेत घेऊन भावजय पाळणा बघायला आली. तिनं दांड्यावरून हात फिरवला, खूश झाली, मग घुटमळली.

"दादा, रागावू नका. पण लाकडाची अजून खात्री नाही का तुम्हाला?"

"का गं?"

"रोज दुपारी वाजवून बघता ना. दोनदा. थोडं थांबून परत दोनदा. आतल्या खोलीत मला चांगलं ऐकू येतं."

इतके दिवस दादा आपल्या फुटक्या कानाला दोष देत होता. हिचे कान तर ठणठणीत होते. तेवढ्यात दांड्यातून आवाज आला, टक टक, आणि तिनं आधी दादाच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात खाली लोंबत होते. ती दोन पावलं मागे सरली.

दादानं दांडा उतरवला आणि गुडघ्यावर टेकवून जरासा दाबला. खडूसारखा मोडला. वर बोटभरही जाड नसलेलं कवच, आत नुसतं पीठ. ते तिच्या पायांवर सांडलं. किडा एकही नव्हता.

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. साल, भोकं, सरस, आणि त्या दोघांची ती खूण. तुझ्या पोराला मी यात निजवणार होतो, म्हणाला. ती खाली बसली. दादाला वाटलं, आता शिव्या घालेल, रडेल.

"ते थांब म्हणत होते," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत. तरी पुढे गेलात?"

दादा मोडक्या दांड्याचे तुकडे गोळा करायला लागला.

त्याच संध्याकाळी मागच्या अंगणात त्यानं पाळणा जाळला, ओंडक्याचा तुकडान् तुकडा जाळला. फुली असलेली साल त्यानं जपून ठेवली होती, तीही तिनं स्वतःच्या हातानं आगीत टाकली. मग नवं लाकूड आणलं. दादानं आधी साल काढली. प्रत्येक दांडा फरशीवर आपटून भावजयीला ऐकायला लावला, तिनं मान डोलावली तरच पुढे. नव्या आडव्या दांड्यावर तो स्वतः लोंबकळला, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

पाळणा उभा राहिला त्या दुपारी दोघं दुकानात थांबली. ती दाराशी, काखेत तेच दुपटं घेऊन, तो भिंतीला टेकून. कुणी कशाला हात लावला नाही. लेथ बंद, खिडकी बंद. बाकाकडून काही आलं नाही, दांड्यातूनही नाही. दादाला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी त्याची नजर रिकाम्या बाकाकडे गेली. भावजय जायला वळली.

टक.

निर्मळ, भरीव लाकडातून. दादाच्या उजव्या कानालासुद्धा तो ऐकू आला.

दोघंही वाट बघत राहिली, पण दुसरी टक आलीच नाही.

"एकदाच," ती म्हणाली.

दादानं मान डोलावली. ती परत फिरली, काखेतलं दुपटं काढलं आणि पाळण्यात अंथरायला लागली.